बँकेने कापलेले पैसे आणि आपली पोच

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास जमलेल्या भगिनींपुढे केलेले भाषण. नंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी दोन शेवटी दिली आहेत.)



हळदीकुंकवाच्या दिवशी बँकेचा विषय काढणे म्हणजे तिळगुळात खडा घालण्यासारखे आहे, असे मी चिटणीसबाईंना म्हटले होते. त्या म्हणाल्या, "खडाच हवा आहे. नुसते गोड बोलून कापलेले पैसे परत मिळत नाहीत, असा साऱ्याजणींचा अनुभव आहे." तेव्हा आज माझ्याकडून गोड बोलण्याची फारशी अपेक्षा ठेवू नका.

आधी एक कबुली देते. माझी अठ्ठावीस वर्षे बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूस गेली. "माझे दोनशे रुपये कशाचे कापले हो?" असे विचारणाऱ्या किती बाया समोर येऊन गेल्या, त्यांची मोजदाद नाही. त्यांना मी एकच उत्तर देत असे, "कॉम्प्युटर आपोआप कापतो, बाई. आमच्या हातात काही नाही." हे उत्तर अर्धेच खरे होते. कापतो कॉम्प्युटरच, पण चुकीने कापलेले परत घालणे माणसाच्या हाती असते, आणि लहानसहान रकमांचा अधिकार बहुधा शाखेच्या मॅनेजरलाही असतो. बाई लेखी काही देत नसे, निमूटपणे निघून जाई, आणि माझी रांग पुढे सरके. निवृत्त झाल्यावर मी स्वतः खिडकीच्या बाहेर उभी राहू लागले, तेव्हा त्या उत्तराची चव मला कळली.

आज एकीचीच हकीगत विस्ताराने सांगणार आहे. तिच्यात सगळे येते. त्या इथेच बसल्या आहेत आणि त्यांनी परवानगी दिली आहे. पण नाव नको म्हणाल्या. आपण त्यांना वहिनी म्हणू. बँकेचेही नाव मी घेणार नाही.

वहिनी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करीत. कंत्राटदाराने पगारासाठी बँकेत खाते उघडून दिले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत काम सुटले. खात्यात एकवीसशे चाळीस रुपये होते. ते अडीअडचणीला राहू द्यावेत म्हणून त्यांनी हात लावला नाही. आता गंमत पाहा. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही. पण काही महिने पगार आला नाही की बँक त्याचे साधे बचत खाते करून टाकते, आणि मग किमान शिलकीचा नियम लागू होतो. या बँकेत ती होती पाच हजार. कमी पडलेल्या रकमेवर सहा टक्के दंड आणि दंडावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे पैसे कमी आहेत म्हणून दंड, दंडामुळे पैसे आणखी कमी, म्हणून पुढच्या महिन्यात जास्त दंड. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर एकवीसशे चाळीस रुपयांचे शून्य झाले. शून्यावर दंड होतो तीनशे, त्यावर कर चोपन्न. तीनशे चोपन्न रुपये. मार्च ते जुलै असे पाच महिने हा आकडा वहिनींच्या नावे बाजूला मांडून ठेवला गेला. सतराशे सत्तर रुपये देणे झाले, आणि वहिनींना त्याचा पत्ता नाही.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये आले. वहिनींनी अर्जाबरोबर दुसऱ्याच बँकेचे पासबुक जोडले होते. पण या योजनेचे पैसे आधार ज्या खात्याला जोडलेले असेल तिथे जातात, आणि त्यांचे आधार जोडलेले होते कँटीनच्या जुन्या खात्याला. शेजारणींचे पैसे आले, आपले का नाहीत, म्हणून त्या आठ दिवस हेलपाटे घालीत होत्या. शेवटी जुन्या बँकेत पासबुक भरून घेतले, तर तीन हजार जमा आणि त्याच दिवशी सतराशे सत्तर वजा. हाती राहिले बाराशे तीस.

त्या महिन्यात राज्यातल्या पुष्कळ बायांचे असे झाले. वर्तमानपत्रांत आले, आणि हे पैसे जुन्या थकबाकीपोटी वळते करू नयेत असे शासनाने बँकांना कळवलेही. पण शासनाने बँकेला कळवणे आणि बँकेने वहिनींच्या खात्यात पैसे परत घालणे, यांत बरेच अंतर असते.

वहिनी शाखेत तीनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा सांगितले, हेड ऑफिसकडून कापले गेले. दुसऱ्यांदा, साहेब रजेवर आहेत. तिसऱ्यांदा, "काकू, तुम्ही बॅलन्स ठेवला नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" तीन खेपांचे बसभाडे गेले, कामाचे तीन खाडे झाले, आणि कागदावर एक अक्षर नाही. मी आतल्या बाजूला बसलेली बाई म्हणून सांगते, तोंडी तक्रार ही बँकेच्या दृष्टीने झालेलीच नसते. ती कुठल्या वहीत नाही, तिला तारीख नाही. उद्या कोणी विचारले तर "आमच्याकडे कोणी आलेच नव्हते" असे म्हणता येते, आणि म्हणणाऱ्याला ते खोटेही वाटत नाही.

मग त्या माझ्याकडे आल्या. नियम काय सांगतो ते आधी पाहू. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या नोव्हेंबरात परिपत्रक काढले, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने खातेदाराला आधी तसे कळवले पाहिजे, मग ती शिल्लक भरून काढायला निदान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे, आणि त्यानंतरच दंड. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि केवळ दंडामुळे खाते शून्याच्या खाली जाता कामा नये. म्हणून तर काही बँका खाते उणे न दाखवता देणे बाजूला मांडून ठेवतात आणि पैसे येताच उचलतात.

आमच्या कामाचे पहिले कलम, आधी कळवणे. वहिनींना कोणीच कळवले नव्हते. का, ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली तेव्हा ध्यानात आले. २०२२ मध्ये त्यांचा मोबाइल हरवला आणि नंबर बदलला. नवा नंबर देण्याचा फॉर्म त्यांनी शाखेत भरला होता, आणि फॉर्मची खालची पट्टी कारकुनाने शिक्का मारून फाडून दिली होती. शिक्क्यावर तारीख होती. ती पट्टी त्यांनी रेशनकार्डाच्या घडीत दोन वर्षे जपून ठेवली होती, कशासाठी ते न कळता. "शिक्क्याचा कागद टाकू नये असे सासूबाई म्हणायच्या," एवढेच त्यांचे कारण.

पत्र आम्ही पाच वाक्यांत लिहिले. तुमच्यापैकी अनेकींना उपयोगी पडेल म्हणून मजकूर सांगते.

"माझ्या बचत खात्यातून किमान शिलकीच्या दंडापोटी सोबतच्या उताऱ्यात खूण केलेल्या रकमा, एकूण ३,९१० रुपये, कापण्यात आल्या आहेत. त्यापूर्वी मला कोणतीही सूचना मिळालेली नाही. सूचना पाठवली असल्यास कोणत्या तारखेस व कोणत्या क्रमांकावर पाठवली ते कृपया लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार सूचना व एक महिन्याची मुदत दिल्याशिवाय हा आकार घेता येत नाही, म्हणून संपूर्ण रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन."

खाली सही, खातेक्रमांक, आजचा मोबाइल नंबर आणि तारीख. एवढेच. आपल्या बायकांची पत्रे मी वाचली आहेत. त्यांत नवऱ्याचे आजारपण असते, मुलीची फी असते, आणि कापलेली रक्कम कुठे शोधून सापडत नाही. दुःख खरे असते, पण वाचणारा कारकून रक्कम आणि तारीख शोधत असतो.

१० सप्टेंबर २०२४ ला, गणपतीच्या दिवसांत, आम्ही दोघी शाखेत गेलो. पत्राच्या दोन प्रती. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. हीच पोच. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ठेवून जा, मी साहेबांना देते." मी म्हटले, "बाळ, शिक्का मारून दे, मग जाते." ती म्हणाली, शिक्का मारायची पद्धत नाही. पद्धत आहे, मी स्वतः हजारो मारले आहेत. तरीही भांडू नये. पोस्ट ऑफिस आहेच. पण तेवढ्यात मॅनेजर बाहेर आले, पत्र वाचले, आणि न बोलता शिक्का मारून दिला.

आता वाट पाहण्याचा भाग. बाया हरतात त्या इथे. पत्र दिले, उत्तर नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मन म्हणते, जाऊ दे, कोण एवढ्या पैशांसाठी झगडत बसणार. बँकही उशीर करते त्यात नेहमी दुष्टावा असतो असे नाही. तक्रारींचा ढीग असतो, आणि जी मागे लागत नाही तिचा कागद तळाला जातो. पण उशिराचा हिशेब आपल्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाचे दार उघडते. म्हणजे गप्प बसून बँक तुमची वाट अडवीत नाही, उलट तुमच्यासाठी मोकळी करते. मात्र तीस दिवस कधी सुरू झाले ते शिक्क्यावरूनच ठरते.

तीस दिवसांच्या आत घाईने गेलात तर तक्रार परत येते; बँकेला आधी न लिहिता गेलात तरी परत येते. फार उशीर केलात तरीही, कारण त्यालाही मुदत आहे. म्हणून तीस दिवस उलटले की त्याच आठवड्यात जावे. आम्ही दसरा होऊ दिला आणि सोमवारी, १४ ऑक्टोबरला, तक्रार पाठवली.

बँकांसाठी लोकपालाची योजना १९९५ पासून आहे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन निरनिराळ्या योजनांची एकच झाली. तेव्हापासून आपल्या भागाचा लोकपाल कोणता हे शोधत बसावे लागत नाही. टपालाने तक्रार रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढच्या केंद्रात जाते. पत्ता: केंद्रीय स्वीकृती व प्रक्रिया केंद्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर १७, चंडीगढ १६००१७. घरात कोणी इंटरनेटवर भरून देणारे असेल तर तेही चालते. १४४४८ या क्रमांकावर फोन करून मराठीत विचारता येते. फी एक पैसाही नाही, आणि वकील तर नकोच. वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर मात्र इथे येता येत नाही.

आम्ही पत्राची शिक्का मारलेली प्रत, पासबुकाचा उतारा आणि फोन नंबराच्या पट्टीची झेरॉक्स जोडली. मूळ कागद पाठवू नका. एवढे एक ऐका.

दिवाळीनंतर बँकेचे म्हणणे कळले. बँक म्हणाली, आम्ही दर वेळी सूचनेचा संदेश पाठवला होता, आणि तक्रारीलाही बारा दिवसांतच उत्तर दिले होते, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या! फक्त दोन्ही संदेश गेले होते त्या हरवलेल्या मोबाइलच्या नंबरावर. पत्राखाली नवा नंबर ठळक लिहिलेला असताना उत्तरसुद्धा जुन्यावरच. तो नंबर आता कोणाकडे आहे कोण जाणे. त्या बिचाऱ्याला वर्षभर कोणाच्या तरी गरिबीचे संदेश येत होते.

यानंतर शाखेतून फोन आला. सूर एकदम बदललेला. "काकू, सदिच्छा म्हणून आम्ही निम्मी रक्कम, एकोणीसशे पंचावन्न रुपये, देतो. तक्रार मिटल्याचे लिहून द्या." वहिनी मला विचारायला आल्या. मी म्हटले, घ्या. खरेच म्हटले. अठ्ठावीस वर्षांची सवय. मला वाटले, अर्धे तर अर्धे, हातात पडताहेत. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक त्यांची पूर्ण आहे ना? मग अर्धेच का? अर्धी चूक माझी होती असे मी लिहून द्यायचे का?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी फोनवर नाही म्हणून सांगितले. मला दोन महिने धाकधूक होती की आपल्या नादाने हिचे तेही जाणार.

२०२५ च्या संक्रांतीच्या आठवड्यात तीन हजार नऊशे दहा रुपये जमा झाले. व्याज नाही, दिलगिरीचे पत्र नाही. लोकपालाकडून तक्रार मिटल्याचे कळवण्यात आले. अशा प्रकरणात बहुधा असेच होते. निकालपत्रापर्यंत गोष्ट जातच नाही, वरून विचारणा झाली की खालची चक्रे फिरू लागतात.

वहिनींनी ते खाते आता मूलभूत बचत ठेव खाते करून घेतले आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून प्रत्येक बँकेने असे खाते मागणाऱ्याला दिलेच पाहिजे. त्याला किमान शिलकीची अट नाही, एटीएम कार्ड फुकट, आणि महिन्यात निदान चार वेळा पैसे काढायला आकार नाही. फक्त त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. २०२५ मध्ये काही सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यांवरचाही किमान शिलकीचा दंड बंद केला. स्टेट बँकेने तो २०२० मध्येच बंद केला होता. म्हणजे हे पैसे कापल्याशिवाय बँक चालतच नाही, असे काही नाही. मी नोकरीत असताना मला तसेच शिकवले होते.

बाकीच्या आकारांविषयी थोडक्यात सांगते. घरी जाऊन पासबुकात पाहा. संदेशांचा आकार म्हणून तीन महिन्यांनी पंधरा रुपये आणि कर मिळून सतरा रुपये सत्तर पैसे जात असतील, तर हा आकार प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांप्रमाणे घ्यावा असे २०१३ चे परिपत्रक आहे. किती संदेश पाठवले ते विचारा. मे-जूनमध्ये ४३६ किंवा २० रुपये गेलेले दिसतील, ते पंतप्रधान विमा योजनांचे हप्ते. विमा चांगला आहे, हवा असेल तर ठेवावा. पण सही दिलेली नसताना हप्ता गेला असेल तर संमतीचा कागद दाखवा म्हणावे. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर १ एप्रिल २०२४ पासून किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत.

एटीएमचे मात्र सर्वांनी लक्षात ठेवा. नोटा बाहेर आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने त्या परत घातल्या पाहिजेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. हा २०१९ चा नियम. आपल्या एका सभासद भगिनीचे दहा हजार एकोणीस दिवसांनी परत आले. त्या आनंदात भरपाई विसरल्या. चौदा दिवसांचे चौदाशे रुपये होत होते. दोन ओळींचे पत्र दिले, आठ दिवसांत मिळाले.

प्रश्नोत्तरे

एका भगिनींनी विचारले, की पतपेढीने पैसे कापले तरी लोकपालाकडे जाता येते का? नाही. पतपेढी ही बँक नव्हे, रिझर्व्ह बँकेचा तिच्यावर अधिकार नाही. ती सहकार खात्याच्या कक्षेत येते, तेव्हा तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत लेखी द्यावे. पोच तिथेही घ्यावी.

दुसऱ्या भगिनी म्हणाल्या, बँकेने तक्रार फेटाळली तर लोकपालाकडे जाण्याआधी आणखी काही करता येते का? मोठ्या बँकांना स्वतःचा एक अंतर्गत लोकपाल नेमावा लागतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर ग्राहकाला कळवण्याआधी ती त्याच्यापुढे ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे. तेव्हा नकार आला की एक ओळीचे पत्र टाकावे: "माझी तक्रार आपल्या अंतर्गत लोकपालांनी पाहिली होती काय?" बहुतेक वेळा या एका ओळीने तक्रारीचा कागद पुन्हा वर येतो. आणि कुठेच दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

मी दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच मंडळाच्या खोलीत असते. पासबुक भरून आणावे, चष्मा आणावा, आणि घरात कुठे शिक्का मारलेली एखादी पट्टी असेल तर तीही घेऊन यावी.